सिग्नलला थरथरणारी जुनी गाडी: दुखणं नेमकं कुठं आहे?

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागलाय. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, आणि स्टिअरिंग हातात थरथरतंय. आरशात मागची बस दोन-दोन दिसते. डॅशबोर्डवरचा गणपती डोलतोय. मधूनच इंजिन ठोका चुकल्यासारखं दचकतं, वाटतं आता बंद पडणार. सिग्नल सुटतो, तुम्ही थोडी रेस देता आणि सगळं शांत. हायवेला लागलात की किणी टोलनाक्यापर्यंत गाडीची काही तक्रार नाही. पुन्हा कुठं थांबलात की पुन्हा तेच.

ज्यांच्याकडं जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांच्या हे ओळखीचं आहे. कुणी म्हणतं आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिनचं उभ्या जागी चालणं, बिघडलंय, कुणी म्हणतं मिसिंग मारतंय, म्हणजे ठोका चुकतोय. आमच्या १९९७ च्या मारुती ८०० ला हे दुखणं लागलं तेव्हा मी दोन ठिकाणी गाडी दाखवली. एका ठिकाणी प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या, मग ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बदलली. दुसऱ्या ठिकाणी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पैसे गेले, थरथर राहिली. शेवटी दोष निघाला बोटभर लांबीच्या एका रबरी नळीत. त्या नळीपर्यंत विचार करत कसं पोहोचायचं, ते इथं सांगतो. मी गाड्यांचा मेस्त्री नाही. उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं यंत्राच्या आवाजाशी रोजचा संबंध आहे, आणि गॅरेजवाल्या मित्रांनी बरंच शिकवलंय.

थांबल्यावरच का?

हा प्रश्न सुटला की अर्धं निदान झालं. म्हणून इथं थोडा वेळ काढू.

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. उभ्या गाडीत ते मिनिटाला साधारण ८५० फेरे मारतं असं धरा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४२५ धक्के, तिघांचे मिळून १२७५, सेकंदाला एकवीस. या धक्क्यांतून निघणारी सगळी ताकद इंजिन स्वतःला फिरवत ठेवण्यातच खर्चते: पिस्टनचं घर्षण, पाण्याचा पंप, ऑइल पंप, अल्टरनेटर. शिल्लक म्हणून काही नाही. अशा वेळी तीनपैकी एक सिलिंडर पेटला नाही तर एक तृतीयांश जोर गेला. चार सिलिंडरच्या गाडीत हाच वाटा एक चतुर्थांश असतो, म्हणून तीन सिलिंडरची गाडी तेवढ्याच बिघाडात जास्त हादरते.

मग पळताना हे का जाणवत नाही? त्याचं उत्तर फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकात आहे. नदीकाठच्या विहिरीवर ऑइल इंजिन चालताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एक ठोका, तरी इंजिन अडखळत नाही, कारण बाजूला ते भलंमोठं चाक फिरत असतं. फिरत्या चाकात साठलेला जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८५० वरून ३००० वर गेलात की फेरे साडेतीनपट होतात, पण साठलेला जोर होतो बारापट. एखादा ठोका चुकला तरी चाक तो पचवून टाकतं. आयडलवर मात्र त्याच्याकडं ती पुंजी नसते.

दुसरं कारण हवेचं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल. पाय काढला की ती जवळजवळ बंद होते. पिस्टन मात्र ओढतच असतात, त्यामुळं झडपेच्या मागं, म्हणजे सिलिंडरांकडं हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. आता समजा तिथं एखाद्या नळीला चीर आहे. बाहेरची हवा त्या चिरेतून सूं करून आत घुसते, आणि मुळात इंजिन थोडीशीच हवा घेत असल्यानं ही चोरवाटेची हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा बनते. पेट्रोल तेवढंच, हवा जादा. मिश्रण पातळ झालं, गॅरेजच्या भाषेत 'लीन' झालं, की ते नीट पेटत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा झडप उघडते, व्हॅक्यूम उतरतो, चिरेतून येणारी हवा कमी होते आणि मुख्य वाटेनं कितीतरी जास्त हवा येते. चीर तीच, पण आता ती किरकोळ ठरते.

तिसरं कारण वेळेचं. व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाची झडप, नीट बसत नसेल तर दाबलेली हवा गळते, आणि फेरे कमी असताना तिला गळायला भरपूर वेळ मिळतो. फेरे वाढले की गळायच्या आत ठिणगी पडते.

म्हणजे 'उभी असताना खराब, पळताना चांगली' या एका वाक्यातच बरीच माहिती आहे. उलट लक्षण असेल, म्हणजे सिग्नलला शांत आणि पन्हाळ्याच्या चढावर गचके, तर शोध वेगळ्या दिशेला न्यावा. जोर लावताना सिलिंडरमधला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि पेट्रोलही जास्त लागतं. तिथं आधी कमजोर कॉइल, प्लग किंवा तुंबलेला पेट्रोल फिल्टर बघायचा. हे दोन प्रकार मेस्त्रीला वेगळे करून सांगितले नाहीत तर तो अंदाजावर पार्ट बदलत जाणार. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी

इंजिन गरम करा, मोकळ्या जागेत उभं करा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडून दोन मिनिटं नुसतं ऐका. बंद शेडमध्ये हे करू नका, सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड येतो. पंखा आणि पट्ट्याजवळ ओढणी, मफलर, सैल बाही नको.

ठोका ठरावीक तालात चुकतोय का? एक, दोन, रिकामं. एक, दोन, रिकामं. असं असेल तर एकच सिलिंडर आजारी आहे आणि दोष त्या सिलिंडरच्याच सामानात आहे: प्लग, वायर, इंजेक्टर, व्हॉल्व्ह. ताल नसेल, कधीही कुठंही चुकत असेल, तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत: हवा, मिश्रण, कॉइल. फेरे आपोआप चढत-उतरत असतील, जणू कुणी पायानं हलकी रेस देऊन सोडतंय, तर बहुतेक वेळा मिश्रण लीन आहे किंवा हवेचं नियंत्रण बिघडलंय.

सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर कागदाची पट्टी धरा. निरोगी इंजिनात ती एकसारखी बाहेर फडफडते. मिसिंग असेल तर मधेच पडते. ठरावीक वेळानं ती आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय धरा.

आणि एक गोष्ट अशी की जिचा अनेकांना विसर पडतो. इंजिनाचा आवाज एकसारखा आहे, ठोका चुकत नाही, तरी गाडी हादरतेय, असंही होतं. तेव्हा इंजिन ठीक असतं, त्याचे रबरी माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, ते बसलेले किंवा फाटलेले असतात. अशा गाडीचा कार्ब्युरेटर दहादा साफ केला तरी उपयोग नाही.

चोकची परीक्षा आणि आमची नळी

कार्ब्युरेटरच्या गाडीत हाताचा चोक असेल तर निदानाचं सगळ्यात चांगलं आणि फुकटचं हत्यार तुमच्या डॅशबोर्डवर आहे. चोक हवा अडवतो आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. गरम इंजिन थरथरत असताना चोक अगदी थोडा ओढा. थरथर कमी झाली तर मिश्रण लीन होतं: एक तर हवा कुठूनतरी आत घुसतेय, नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. थरथर वाढली, इंजिन गुदमरायला लागलं, तर मिश्रण आधीच रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त: एअर फिल्टर तुंबलाय, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी चढलीय, चोक पूर्ण उघडत नाहीय. काहीच फरक पडला नाही तर मिश्रण सोडा, ठिणगी आणि कॉम्प्रेशनकडं, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाकडं वळा.

माझ्या गाडीवर ही परीक्षा पहिल्या दोन ठिकाणी कुणीच केली नव्हती. दुसऱ्या गॅरेजमधून गाडी घरी आणली तेव्हा थरथर थांबली होती आणि मी खूश होतो. दोन दिवसांनी कळलं की आयडलिंगचा स्क्रू आवळून फेरे बाराशेच्या आसपास नेऊन ठेवले होते. हे जिथं-तिथं चालतं आणि मला त्याचा मनापासून राग आहे. फेरे वाढवले की फ्लायव्हीलची पुंजी वाढते, थरथर झाकली जाते, दोष तसाच राहतो. वर पेट्रोल जास्त जळतं आणि ट्रॅफिकमध्ये क्लच सोडला की गाडी अंगावर आल्यासारखी पुढं जाते. गाडी गॅरेजमधून घेताना थरथर थांबली का ते तर बघाच, पण फेरे कितीवर ठेवलेत तेही विचारा. जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण ८०० ते ९०० असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर मिळतो.

मग उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी स्क्रू मागं फिरवून फेरे मूळ जागी आणले. गाडी लगेच थरथरायला लागली.

"आता बोलायलीय बघा खरं," ते म्हणाले. "किती खर्च केलासा आत्तापातूर?"

मी आकडा सांगितला. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसतं मला आत बसवलं. "चोक वडा. जरासाच. हां, ऱ्हाऊ द्या."

इंजिन शांत झालं. त्यांनी प्लास्टिकच्या फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी घेतलं आणि चोक आत ढकलायला सांगून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर, कार्ब्युरेटरच्या बुडाशी, एकेका नळीच्या तोंडावर हलका फवारा मारत गेले. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली वाफ परत मॅनिफोल्डकडं नेणारी जी नळी असते, तिच्या मॅनिफोल्डकडच्या टोकावर पाणी पडलं आणि आवाज क्षणभर बदलला. त्यांनी नळीच्या खालच्या बाजूला अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा काढला, सुरू झाली. वरून नळी धडधाकट दिसत होती, चीर पोटाखाली होती. तेलाच्या वाफेनं रबर आतून मऊ पडलं होतं आणि क्लिपच्या जागी फाटलं होतं.

पाण्यानं चीर क्षणभर बुजते, म्हणून आवाज बदलतो. काही जण याच कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे वापरतात. तो आत ओढला गेला की फेरे चढतात, खूण जास्त स्पष्ट मिळते. पण तो पेट घेणारा पदार्थ आहे, खाली तापलेला एक्झॉस्ट आहे आणि शेजारी ठिणगीच्या वायरी आहेत. घरी करायचं तर पाणीच बरं, आणि तेही डेल्कोपासून, म्हणजे एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून लांब. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचा टायर पंक्चरवाला मार्ग इथं चालत नाही, कारण हवा बाहेर येत नसते, आत जात असते.

गॅरेजमध्ये व्हॅक्यूम मोजणारा गेज असेल तर काम आणखी सोपं होतं. पुस्तकांत निरोगी इंजिनासाठी आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) असा आकडा असतो, पण तो समुद्रसपाटीचा. उंची दर हजार फुटांनी वाढली की साधारण एक इंच कमी धरतात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथं दीड-दोन इंच कमी दिसणं हा दोष नाही. आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची. काटा खाली पण स्थिर असेल तर हवेची गळती किंवा ठिणगीचं टायमिंग मागं पडलेलं. ठरावीक तालात झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह. हळूहळू डोलत असेल तर मिश्रण.

पावसाळ्यातली थरथर

जूनपासून कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये मिसिंगच्या गाड्या वाढतात, हे कुणीही मेस्त्री सांगेल. गगनबावड्याकडून भिजून आलेली किंवा रात्रभर पावसात उभी राहिलेली जुनी गाडी सकाळी तीन पायांवर चालल्यासारखी चालते आणि इंजिन तापलं की सुधारते. हा ठिणगीचा दोष. प्लगपर्यंत वीस हजार व्होल्टच्या घरातली वीज जाते. तिला सोपी वाट मिळाली की ती प्लगच्या टोकाशी उडी मारण्याऐवजी ओल्या, तडकलेल्या वायरीवरून थेट इंजिनच्या लोखंडात उतरते.

रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडा आणि चालू इंजिनाकडं लांबून बघा. वायरी गळत असतील तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात, टिकटिक आवाजही येतो. डेल्कोचं झाकण काढून आतून कोरड्या कपड्यानं पुसा. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ते झाकण पुसून सुधारत नाही. वीज त्या रेघेवरून पळायला शिकलेली असते, झाकणच बदलावं लागतं.

कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायची जुनी पद्धत म्हणजे एकेका प्लगची वायर काढून बघणं. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की फेरे पडतात. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. पण हे उघड्या हातानं कधीही करू नका, झटका जीवावर बेतू शकतो. शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये वायर हवेत लोंबकळत ठेवली तर कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकतं, त्यामुळं वायरीच्या टोकाला जुना प्लग लावून तो इंजिनला टेकवून ठेवावा लागतो. इंजेक्टरच्या गाडीत त्यापेक्षा इंजेक्टरचा कनेक्टर काढणं बरं. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तर हे आवर्जून पाळा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. मिसिंग मारणारी गाडी महिनोन् महिने तशीच चालवणाऱ्यांना हा खर्च मागाहून कळतो.

प्लग काढलेच आहेत तर सिलिंडरच्या क्रमानं ओळीत मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण चांगलं. कोरडी काजळी म्हणजे रिच. तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढरट म्हणजे लीन किंवा फार तापतंय. पेट्रोलनं ओला म्हणजे बहुतेक त्या सिलिंडरला ठिणगीच नाही. तिघांपैकी एकाचाच रंग वेगळा असेल तर तुम्हाला पत्ता मिळाला.

पेट्रोल आणि आपला ऊस

हे थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण ज्या भागात साखर कारखाने इथेनॉल बनवतात त्याच भागातल्या जुन्या गाडीवाल्यांना त्याचा परिणाम नीट समजावून सांगणारं फारसं कुणी भेटत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळं वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हा फरक ओळखून पेट्रोल थोडं वाढवते. कार्ब्युरेटरला असं काही कळत नाही. त्याचे जेट ज्या प्रमाणासाठी घडवलेत तेच प्रमाण तो देत राहतो आणि मिश्रण आपोआप लीन बाजूला सरकतं. आयडलवर ते आधी जाणवतं. मिक्स्चर स्क्रू थोडा उघडून ते पुष्कळदा जुळवता येतं, मात्र गळती नाही याची खात्री झाल्यावरच. गळती ठेवून स्क्रू फिरवणं म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक रचणं.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी दोन महिने उभी राहिली, पावसाळ्यात टाकीत ओलावा गेला आणि पाणी मर्यादेबाहेर झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. पेट्रोल खेचणारा पाइप तळाशीच असतो. अशी गाडी सुरू होऊन थरथरते आणि बंद पडते. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं, तो फिल्टरमध्ये आणि पुढं स्लो जेटमध्ये अडकतो. स्लो जेट म्हणजे फक्त आयडलला पेट्रोल देणारं केसासारखं बारीक छिद्र. ते बुजलं की गाडी पळते चांगली, पण आयडलवर टिकत नाही. ते तारेनं टोकरू नका. छिद्र मोठं झालं की मग ती गाडी कायमची रिच. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढंच पुरे. जुन्या रबरी नळ्या आणि डायाफ्राम इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, ते फुगतात किंवा तडकतात. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर आयडलिंगचा विचार नंतर, आधी ती गळती.

मिश्रणाबद्दल आणखी एक साक्षीदार तुमच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला असतो: पीयूसीची पावती. जुन्या पेट्रोल गाडीची ती चाचणी आयडलवरच घेतात. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढलेला असेल तर मिश्रण रिच. तो कमी आणि हायड्रोकार्बनचा मात्र भरपूर असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग किंवा फार लीन मिश्रण. सायलेन्सर मधे कुठं फुटला असेल तर मात्र हे आकडे फसवतात. गाडी चांगली असतानाची जुनी पावती जपून ठेवा, तुलनेला ती फार कामी येते.

एमपीएफआय गाडी असेल तर

दोन हजार सालानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर आले, त्यालाच एमपीएफआय म्हणतात. तत्त्व तेच, फक्त प्रमाण ठरवतो कॉम्प्युटर. इथं आधी थ्रॉटल बॉडी बघा. झडपेच्या कडेला काळा चिकट थर साचतो आणि आयडलपुरती जी फट असते तीच बुजते. तो थर साफ केला की बऱ्याच गाड्या तिथंच सुधारतात. साफ केल्यावर काही काळ फेरे जास्त राहिले तर घाबरू नका. कॉम्प्युटरनं बुजलेल्या फटीची सवय करून घेतलेली असते, ती मोडायला वेळ लागतो किंवा स्कॅनरनं पुन्हा शिकवावं लागतं. मोटरवर चालणारी झडप असेल तर ती बोटानं ढकलून उघडू नका.

त्यानंतर आयडलची हवा सांभाळणारा आयएसी व्हॉल्व्ह, आणि पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. हा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटरला इंजिन कायम थंडच वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो. गरम झाल्यावर काळा धूर आणि थरथर असेल तर तो स्वस्तातला सेन्सर आधी तपासा.

स्कॅनरवर पी०३०१ हा बिघाडाचा कोड आला तर पहिला सिलिंडर मिस होतोय, पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन. पण लक्षात घ्या, कोड लक्षण सांगतो, कारण नाही. लीनचा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि दोष फाटक्या नळीत निघाला, असं होतं. आपल्याकडं ओबीडी दोन, म्हणजे असे कोड वाचायची सगळ्या कंपन्यांची सारखी पद्धत, २०१३ पासून आली, त्यामुळं मोबाइलला जोडायचं छोटं यंत्र त्याआधीच्या गाडीत चालेलच असं नाही. तिथं त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं लागतं.

कॉम्प्रेशन

हवा, पेट्रोल, ठिणगी तिन्ही ठीक असून एक सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवायचा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब चढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतोय. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

व्हॉल्व्ह गळतोय म्हणून लगेच हेड उतरवू नका. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली बारीक फट, तपासा. टॅपेट वाजले की सगळे धावतात, पण खरा धोका घट्ट टॅपेटचा. तो अजिबात आवाज करत नाही, व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, कॉम्प्रेशन गळतं आणि एक दिवस व्हॉल्व्हची कड जळते. गॅसवर चालवलेल्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत खोल जाऊन हे जास्त घडतं. फिलर गेज आणि तासाभराचं काम, त्यावर हेडचा खर्च वाचू शकतो.

आता गाडी दाखवायला नेतो तेव्हा मी सोबत एक चिठ्ठी नेतो. गेल्या वेळची अशी होती: "थंड असताना ठीक, गरम झाल्यावर थरथर. पळताना काही नाही. ठोका तालात चुकत नाही. चोक किंचित ओढला की थांबते. एसी लावला की वाढते. पाऊस नव्हता. प्लग तिन्ही पांढरट. फेऱ्यांचा स्क्रू हलवू नये." मेस्त्रींनी ती वाचली, खिशात ठेवली आणि थेट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला हात घातला.